फाइल लिहिली, पण बंद केली का? सी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी 'एफक्लोज'ची माहिती

कुडाळ : डिप्लोमा, बीसीए, बीएस्सी आयटी. दहावी-बारावीनंतर आपल्या घरांतली मुलं-मुली आता या वाटेनेही जातात. कोर्स कुठलाही असो, सुरुवातीच्या वर्षात बहुतेकांना सी भाषा भेटते आणि तिच्या अभ्यासक्रमात अगदी शेवटी 'फाइल हँडलिंग' हा धडा येतो. तोवर परीक्षा तोंडावर आलेली असते, त्यामुळे हा धडा घाईघाईत उरकला जातो. मग तोंडी परीक्षेत ठरलेला प्रश्न येतो : फाइल बंद का करायची? आणि मुलं ठरलेलं उत्तर देतात : मेमरी मोकळी होते म्हणून. मार्क मिळतात. पण हे उत्तर अर्धंच आहे, आणि राहिलेल्या अर्ध्या भागात कुणाच्या तरी पैशांची नोंद अडकलेली असू शकते.

आधी एक खुलासा. प्रोग्राम टाइप करताना सगळी नावं इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची असतात. इथे ती उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिली आहेत, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही वाचता येतील.

उदाहरण आपल्या ओळखीचं घेऊ. समजा, एका मुलीने मिनी-प्रोजेक्ट म्हणून गावच्या जमातीच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम केला. घरवाल्याचं नाव, महिना, रक्कम, अशी एक ओळ म्हणजे एक नोंद. प्रोग्राम 'एफओपन'ने फाइल उघडतो, 'एफप्रिंटएफ'ने नोंद लिहितो आणि स्क्रीनवर 'नोंद झाली' असं दाखवतो. आता प्रश्न असा की स्क्रीनवर हे शब्द आले तेव्हा नोंद खरोखर फाइलमध्ये गेली होती का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असं आहे.

बाजारातले जुने दुकानदार दोन वह्या ठेवतात, हे आपण पाहिलेलं आहे. गिऱ्हाईक समोर उभं असताना उधारी-जमा कच्च्या वहीत पटापट लिहायची, आणि रात्री दुकान वाढवताना निवांत बसून ते सगळं पक्क्या वहीत उतरवायचं. दर गिऱ्हाइकागणिक पक्की वही काढली तर धंदा कधी करणार? सीची लायब्ररी नेमकं हेच करते. 'एफप्रिंटएफ' जे लिहितं ते आधी मेमरीतल्या एका छोट्या जागेत जमा होतं. या जागेला बफर म्हणतात. ही झाली कच्ची वही. डिस्कवरची फाइल म्हणजे पक्की वही. बफर भरला की लायब्ररी तो एकदम पुढे पाठवते, रिकामा करते आणि पुन्हा भरू लागते. आणि 'एफक्लोज' म्हणजे रात्रीचं ते उतरवणं. कच्च्या वहीत जे काही शिल्लक असेल ते पक्क्यात घालायचं आणि मग दुकानाला कुलूप.

ही व्यवस्था आजची नाही. डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९७२ च्या सुमारास सी भाषा घडवली. तिच्यासाठी फाइल वाचण्या-लिहिण्याची सामायिक लायब्ररी त्यांचेच सहकारी माइक लेस्क यांनी बांधायला घेतली, आणि १९७८ मध्ये कर्निघन-रिची यांचं पुस्तक आलं तेव्हा 'एफओपन' आणि 'एफक्लोज' त्यात होतेच. त्या काळी डिस्क इतक्या संथ होत्या की एकेक अक्षर लिहायला जाणं परवडणारं नव्हतं. आज डिस्क वेगवान झाल्या, पण मेमरीच्या मानाने अजूनही मंदच आहेत. त्यामुळे कच्ची वही काही गेली नाही.

बफर केवढा असतो? सीच्या प्रमाणित नियमात किमान २५६ बाइटची अट आहे. कॉलेजांच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं दिसणाऱ्या त्या निळ्या पडद्याच्या टर्बो सीमध्ये तो ५१२ बाइटचा असे. आजच्या लिनक्सवर फाइलसाठी तो साधारणपणे ४०९६ बाइटचा मिळतो. आता हिशेब करा. वर्गणीची एक नोंद ४० बाइटची धरली, तर ४०९६ बाइटमध्ये पूर्ण १०२ नोंदी बसतात आणि १०३ व्या नोंदीचे पहिले १६ बाइट. गावात साठ घरं असतील तर सगळ्या गावाची वर्गणी लिहून झाली तरी डिस्कवरच्या फाइलमध्ये एक अक्षरही गेलेलं नसणार! सव्वाशे घरं असली आणि मध्येच प्रोग्राम मेला, तर फाइल १०३ व्या घराच्या नावाच्या मध्यावर तुटलेली सापडेल. नावं मराठीत असतील तर आणखी गंमत. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, तेव्हा तुकडा अक्षराच्या पोटातूनही पडू शकतो, आणि उघडल्यावर तिथे नुसता चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं.

हे वाचून विश्वास ठेवण्यापेक्षा घरी करून पाहिलेलं बरं. फाइल 'डब्ल्यू' मोडने उघडा, दहा नोंदी लिहा आणि मग 'गेटकॅर' टाकून प्रोग्राम थांबवून ठेवा. एंटर दाबू नका. दुसऱ्या खिडकीत जाऊन त्या फाइलचा आकार बघा : शून्य बाइट. एंटर दाबून प्रोग्राम नीट संपू दिलात की दहाही नोंदी हजर. आता 'गेटकॅर'च्या जागी 'अबॉर्ट' बोलवा, म्हणजे प्रोग्राम अपघाताने मरावा तसा मरेल. फाइल पाहा. नाव आहे, आत काही नाही.

लॅबमध्ये का कळत नाही?

खरी मेख इथे आहे. 'एफक्लोज' विसरलेला प्रोग्रामसुद्धा लॅबमध्ये झकास चालतो. कारण 'मेन'मधून नीट परत आलं किंवा 'एक्झिट' बोलावलं, तर सीची लायब्ररी उघड्या राहिलेल्या सगळ्या फाइल जाता जाता स्वतःच बंद करते. मालक विसरला तरी नोकराने शटर ओढून घ्यावं तसं. मुलगा आउटपुट दाखवतो, सर सही करतात, जर्नल पूर्ण. आपली सवय चुकीची आहे हे त्याला दोन-दोन वर्षं कळत नाही.

बाहेरच्या जगात मात्र प्रोग्राम नेहमी असा सरळ मरण पावत नाही. कुठेतरी रिकाम्या पॉइंटरला हात लागतो आणि ऑपरेटिंग सिस्टम त्याला तिथेच संपवते. कुणी टास्क मॅनेजरमधून मारतं. बँकेतला किंवा दवाखान्यातला प्रोग्राम तर महिनोन्महिने संपतच नाही, दिवसरात्र चालूच असतो. तिथे 'शेवटी आपोआप बंद होईल' यातला शेवट येणार कधी? म्हणून साधा नियम : फाइलचं काम जिथे संपतं तिथेच ती बंद करायची, प्रोग्राम संपेपर्यंत थांबायचं नाही.

जास्त वेळ चालणाऱ्या प्रोग्रामला आणखी एक दुखणं होतं. लूपमध्ये दर फेरीला फाइल उघडायची आणि बंदच करायची नाही, असं चाललं तर उघड्या फाइलींचा ढीग साचत जातो. त्याला मर्यादा आहे. लिनक्सवर एका प्रोग्रामला सहसा १०२४ फाइल एका वेळी उघडता येतात, मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत मुळातली मर्यादा ५१२. त्यात कीबोर्ड, स्क्रीन आणि चुकांचे संदेश यांचे तीन स्ट्रीम आधीच धरलेले असतात. मर्यादा संपली की पुढचं 'एफओपन' हात वर करतं आणि 'नल' परत देतं. पोरं मग 'एफओपन'मध्ये चूक शोधत बसतात. दोष असतो हजार फेऱ्यांमागे राहून गेलेल्या एका ओळीत.

विंडोजवर तर याचा अनुभव सी न शिकलेल्यांनाही येतो. फाइल डिलीट करायला जावं किंवा तिचं नाव बदलायला जावं, तर 'ही फाइल दुसऱ्या प्रोग्रामच्या वापरात आहे' असा संदेश येतो. कुठल्यातरी प्रोग्रामने ती अजून बंद केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बंद करताना उत्तर ऐका

'एफक्लोज' एक उत्तर देतं आणि बहुतेक मुलं ते ऐकतच नाहीत. काम नीट झालं तर शून्य येतं, बिघडलं तर 'ईओएफ' ही ठरावीक किंमत येते. पुस्तकांतल्या उदाहरणांत हे तपासलेलं फारसं दिसत नाही, कारण उदाहरण छोटं ठेवायचं असतं. आपल्याकडे कितीतरी पोरं नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वर सी शिकली. असं पुस्तक पाया पक्का करतं. सवयी मात्र स्वतः लावाव्या लागतात.

उत्तर ऐकणं महत्त्वाचं का, ते पाहा. पेनड्राइव्ह भरलेला आहे. प्रोग्राम 'एफप्रिंटएफ'ने नोंद लिहितो. नोंद कच्च्या वहीत जाते, तिथे जागा आहे, म्हणून 'एफप्रिंटएफ' खुशाल सांगतं की लिहून झालं. ते खोटं बोलत नाही, त्याच्या परीने लिहूनच झालंय. पक्क्या वहीत पान शिल्लक नाही हे पहिल्यांदा कळतं ते 'एफक्लोज'च्या वेळी. म्हणजे नोंद हरवल्याची खबर देणारी ती शेवटची जागा. तिथे कान बंद ठेवले, तर स्क्रीनवर 'वर्गणी जमा झाली' आणि फाइलमध्ये काहीच नाही. पुढच्या महिन्यात ज्या घराने पैसे दिले त्याच घराच्या दारात थकबाकी मागायला माणूस जातो. पावती हरवली असेल तर तो घरवाला काय दाखवणार?

लिनक्स असेल तर हेसुद्धा तपासता येतं. 'डेव्ह' फोल्डरमध्ये 'फुल' नावाची एक खास फाइल असते. ती कायम भरलेल्या डिस्कचं सोंग घेते. ती 'डब्ल्यू' मोडने उघडा, एक ओळ लिहा आणि 'एफप्रिंटएफ' व 'एफक्लोज' दोघांची उत्तरं छापा. पहिलं म्हणेल इतकी अक्षरं लिहिली, दुसरं 'ईओएफ' देईल.

फाइल मोठी असली तर बफर मधेच कधीतरी भरून पुढे गेलेला असतो. ती मधली खेप फसली आणि शेवटची नीट गेली, तर नुसतं 'एफक्लोज' शून्य सांगू शकतं. त्यासाठी बंद करण्याआधी 'एफएरर' विचारून घ्यायचं. आधी कधी बिघाड झाला असेल तर ते सांगतं. आधी 'एफएरर', मग 'एफक्लोज', आणि दोन्ही ठीक असतील तरच 'नोंद झाली' छापायचं. तीन-चार ओळी वाढतात, वाढू देत.

'डब्ल्यू' मोडबद्दलही इथेच सांगायला हवं, कारण सगळ्यात मोठं नुकसान त्याने होतं. 'डब्ल्यू' मोडने फाइल उघडल्या क्षणी जुना मजकूर पुसला जातो. नवा मजकूर पक्का होतो तो मात्र बंद करताना. मधल्या वेळात जुनी वहीही नाही आणि नवीही नाही. त्या वेळात प्रोग्राम मेला तर गेल्या पाच वर्षांचा हिशेब साफ. नुसती नवी नोंद शेवटी जोडायची असेल तर 'ए' म्हणजे अपेंड मोड वापरावा, जुन्याला धक्का लागत नाही. आणि सगळी फाइल नव्याने लिहायची असेल तर ती दुसऱ्या तात्पुरत्या नावाने लिहा, 'एफक्लोज'चं उत्तर शून्य आलं याची खात्री करा, आणि त्यानंतरच 'रीनेम'ने तिला जुन्या फाइलचं नाव द्या. लिनक्सवर 'रीनेम' जुन्या फाइलच्या जागी नवी थेट बसवतं. विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर सीचं 'रीनेम' नकार देतं, तेव्हा जुनीला आधी वेगळं नाव देऊन बाजूला ठेवावं लागतं. तसं ते बरंच, बॅकअप आपोआप राहतो.

बंद करण्यातही अति नको. एकदा बंद केलेली फाइल पुन्हा बंद केली तर काय होईल, याची भाषा काहीही हमी देत नाही. बहुधा प्रोग्राम कोसळतो. 'एफक्लोज'ने 'ईओएफ' दिलं तरी तो पॉइंटर संपलेलाच असतो, 'पुन्हा एकदा बघू' म्हणून परत बोलावायचं नाही. मेमरी सोडणाऱ्या 'फ्री'ला 'नल' दिलं तर चालतं, म्हणून मुलांना वाटतं इथेही चालेल. इथे चालत नाही. 'एफओपन' फसलं असेल तर बंद करायला काहीच नाही, हे आधी तपासायचं. आणि बंद केल्यावर पॉइंटरमध्ये 'नल' ठेवून द्यायचं, म्हणजे दुसऱ्यांदा बंद करण्याआधी तपासता येतं. फंक्शनमधून मधेच 'रिटर्न' करून निघून जाण्याच्या जागा असतात, तिथे फाइल बंद करायची हमखास राहते. प्रोजेक्ट तपासताना मी असतो तर सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवलं असतं.

वीज गेली तर?

आता आपल्या कोकणचा खास प्रश्न. पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की गावची वीज गेली, हे नेहमीचंच. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा सिंधुदुर्गात कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. 'एफक्लोज'ने शून्य दिलं आणि पुढच्या सेकंदाला वीज गेली, तर नोंद वाचेल का?

खात्री नाही. कारण पक्की वही म्हटली ती थेट डिस्क नव्हे, मधे आणखी एक टेबल आहे. 'एफक्लोज' आपला बफर ऑपरेटिंग सिस्टमच्या हवाली करतं. ती ते स्वतःच्या मेमरीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर लिहिते. लिनक्सवर ही सवड साधारण अर्ध्या मिनिटाची असू शकते. प्रोग्राम मेला तरी सिस्टमकडे पोहोचलेलं सुरक्षित आहे. सगळा कॉम्प्युटरच बंद पडला तर तेवढं हातचं गेलं. पैशांच्या नोंदीसाठी म्हणून तीन पायऱ्या करतात : 'एफफ्लश'ने बफर सिस्टमकडे द्यायचा, 'एफसिंक'ने सिस्टमला सांगायचं की आत्ताच डिस्कवर उतरव, आणि मग 'एफक्लोज'. 'एफसिंक' ही मूळ सीची चीज नाही, युनिक्स-लिनक्सकडून आलेली आहे. विंडोजवर त्याच कामासाठी 'कमिट' नावाचं फंक्शन आहे. 'एफसिंक'ला वेळ लागतो, दर ओळीला बोलावलं तर प्रोग्राम रखडतो. कुठलं नुकसान सोसवेल आणि कुठलं नाही, हे ठरवून ते वापरायचं. गेममधला स्कोअर गेला तर कुणी रडत नाही.

पालकांच्या रोजच्या कामात हेच पेनड्राइव्हच्या रूपाने येतं. झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म सेव्ह केला, गर्दी होती, पेनड्राइव्ह ओढून खिशात टाकला, आणि घरी येऊन पाहावं तर फाइल उघडतच नाही. 'सेफली रिमूव्ह' म्हणजे सिस्टमला हेच सांगणं की टेबलावर राहिलेलं सगळं उतरवून घे, मी निघालोय. विंडोज १० च्या २०१८ सालच्या एका अपडेटपासून पेनड्राइव्हवर लगेच लिहिण्याची पद्धत मुळातच ठेवलेली असते, त्यामुळे धोका कमी झाला. पण ज्या प्रोग्राममध्ये फाइल उघडी आहे तो आधी बंद करायला लागतोच. त्याच्या पोटातली कच्ची वही विंडोजला दिसत नाही.

पायथन शिकणारी मुलं म्हणतील, आम्ही 'विथ' लिहितो, फाइल आपोआप बंद होते. खरं आहे, आणि बंद करताना बिघाड झाला तर पायथन ओरडून सांगतंही. ते सगळं शेवटी आतून याच पायऱ्या चढतं-उतरतं. सी तुम्हाला प्रत्येक पायरीवर स्वतः पाय ठेवायला लावते, म्हणून पहिल्या वर्षाला ती शिकवणं मला तरी अजून योग्यच वाटतं.

जाता जाता घरच्यांसमोर करायचा एक प्रयोग. स्क्रीनसुद्धा सीच्या दृष्टीने एक स्ट्रीमच आहे. 'हॅलो वर्ल्ड' छापणारा सगळ्यात पहिला प्रोग्राम घ्या आणि लिनक्सवर त्याचं आउटपुट मघाच्या त्या 'फुल' फाइलकडे वळवा. एक अक्षरही कुठे लिहिलं गेलेलं नसताना प्रोग्राम 'मी यशस्वी' म्हणून शून्य देऊन निघून जाईल. आता तीच गोष्ट 'कॅट' किंवा 'एलएस' या लिनक्सच्या नेहमीच्या कमांडबरोबर करा. त्या 'डिव्हाइसवर जागा नाही' अशी तक्रार करतील, कारण ग्नूच्या मंडळींनी त्यांत निघण्याआधी आउटपुटचा स्ट्रीमही बंद करून त्याचं उत्तर तपासण्याची सोय केली आहे.